सफवी काळातलं इस्फहान कसं ऐकू यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराणमधल्या इस्फहानबद्दल बोलणं निघालं की निळ्या फरशा, घुमट आणि गालिचे यांच्यापुढे सहसा कुणी जात नाही. या शहराचे आवाज हाही तितकाच मोठा विषय आहे आणि त्याबद्दल बरीच खात्रीलायक माहिती मिळते. त्यावर नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

इस्फहानच का? आणि नेमका कोणता काळ?

सफवी या इराणच्या राजघराण्यातल्या शाह अब्बास पहिला याने १५९८ मध्ये राजधानी कझवीनहून इस्फहानला आणली. तिथपासून १७२२ च्या अफगाण वेढ्यापर्यंतचा, सव्वाशे वर्षांचा काळ इथे धरला आहे. या काळात जुन्या शहराच्या दक्षिणेला नवं शहर आखून बांधलं गेलं. नक्श-ए-जहान हे अवाढव्य मैदान, चहारबाग हा झाडांचा आणि पाटांचा रस्ता, झायंदेरूद नदीवरचे पूल, सगळं एका योजनेतलं. ज्यां शार्दां हा फ्रेंच जवाहिऱ्या १६६० आणि १६७० च्या दशकांत इथे बराच काळ राहिला. त्याने शहरात १६२ मशिदी, ४८ मदरसे, १८०२ कारवानसराया (तांड्यांच्या मुक्कामाच्या धर्मशाळा) आणि २७३ हमाम (सार्वजनिक स्नानगृहं) असल्याची नोंद केली आहे. लोकवस्ती लंडनच्या तोडीची असावी, असंही तो लिहितो.

हे आकडे ऐकण्याच्या अंगाने वाचून बघा. १६२ मशिदी म्हणजे १६२ ठिकाणांहून अजान. १८०२ सराया म्हणजे उंटांच्या घंटांची अखंड ये-जा.

ध्वनिमुद्रण नसताना हे सगळं कळतं कशावरून?

तीन वाटांनी. पहिली वाट प्रवाशांची. शार्दांशिवाय इटालियन पिएत्रो देल्ला व्हाल्ले, फ्रेंच ताव्हेर्निये, जर्मन वैद्य केम्फर हे सगळे सतराव्या शतकात इस्फहानात राहून गेले. परक्या माणसाच्या कानाला जे खटकतं तेच तो लिहून ठेवतो आणि तेच नेमकं आपल्या उपयोगी पडतं. दुसरी वाट इमारतींची. घुमट, बाजाराची छतं आणि पुलाच्या कमानी आजही उभ्या आहेत, त्यामुळे तिथे आवाज कसा वागतो हे तपासता येतं. तिसरी वाट अजून चालू असलेल्या कामांची. तांबट आजही तांबं ठोकतो, छापणारा आजही ठसा मारतो.

यातली तिसरी वाट मला सगळ्यांत भरवशाची वाटते. प्रवासी अतिशयोक्ती करू शकतो, हातोडी करत नाही.

रस्त्यावर पाऊल टाकलं की आधी काय कानावर पडलं असतं?

आधी काय पडलं नसतं ते बघू. चाकांचा खडखडाट. इराणच्या शहरांत त्या काळी चाकाची वाहनं जवळजवळ नव्हतीच. माल उंटावर, खेचरावर, गाढवावर नाही तर हमालाच्या पाठीवर जायचा. रस्ते मातीचे, त्यामुळे टापांचा आवाजही दबका. एवढ्या मोठ्या राजधानीचा रस्ता म्हणजे मुख्यतः माणसांचा आवाज, जनावरांचा आवाज आणि घंटांचा आवाज. लोखंडी धावेच्या गाड्या दगडी रस्त्यावरून धावताना जो कल्लोळ युरोपातल्या शहरांत व्हायचा, तो इथे नव्हता. म्हणूनच बोललेला शब्द लांबवर पोचायचा आणि सगळा कारभार तोंडी हाळीवर चालू शकायचा.

ओझं घेऊन येणारा हमाल किंवा गाढववाला मागून ‘खबरदार!’ असं ओरडत यायचा. अरुंद गल्लीत त्या ओरडीकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नव्हतं. पखालवाले पाणी घेऊन फिरायचे. हुसेनच्या नावाने तहानलेल्याला फुकट पाणी पाजणं हे पुण्याचं काम, म्हणून तेही ओरडून सांगितलं जायचं. दरवेशी ‘या हू’, ‘हक’ असा पुकारा करत आणि कवनं म्हणत दुकानांपुढून जायचे.

उंटांच्या घंटांचा काही ठराविक नियम होता का?

होता, आणि तो फार हुशारीचा होता. उंट एकामागे एक दोरीने बांधलेले असायचे. उन्हाळ्यात तांडे रात्री चालायचे, त्यामुळे पुढच्या उंटवाल्याला मागचं काहीच दिसत नसे. म्हणून मोठी घंटा शेवटच्या उंटाच्या गळ्यात बांधत. ती वाजते आहे तोवर रांग शाबूत. ती थांबली की कुठेतरी दोरी तुटली, मागे जाऊन बघायला हवं. म्हणजे उंटवाला घंटा ऐकण्यासाठी नव्हे, तर ती कधी थांबते हे टिपण्यासाठी कान लावून असायचा.

पहाटे शहर कशाने जागं व्हायचं?

अजानने आणि शिंगाने. हमामचं पाणी तापलं की हमामवाला दारात किंवा गच्चीवर येऊन शिंग फुंकायचा. पहाटेच्या नमाजाआधी अंघोळ करायची तर हमाम उघडला आहे की नाही हे घरबसल्या कळायला हवं. आपल्या मोहल्ल्याचं शिंग ऐकू आलं की कापडाचं गाठोडं काखोटीला मारून लोक बाहेर पडत. शार्दांचा २७३ हा आकडा इथे पुन्हा आठवून बघा.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा अली-कुली-आगा हमाम आता संग्रहालय म्हणून बघता येतो. दगडी टाकी, कोंदट घुमट, ओली फरशी. तिथे नुसती टाळी वाजवली तरी चोळणाऱ्यांच्या थापांनी ही जागा किती घुमत असेल याची कल्पना येते.

अजान मनोऱ्यावरून दिली जात नसे, हे खरं आहे का?

बऱ्याच ठिकाणी खरं आहे. शाह मशिदीला उंच मनोरे आहेत, पण अजानसाठी छपरावर एक छोटी लाकडी छत्री असते, तिला गुलदस्ते म्हणतात. अजान देणारा मुअज्जिन तिथे उभा राहायचा. जुन्या जामे मशिदीच्या कमानीवरही अशी छत्री आहे. याचं कारण सांगितलं जातं ते असं, की उंच मनोऱ्यावरून आजूबाजूच्या घरांची अंगणं आणि जनानखाना दिसतो. शेख लुत्फुल्ला मशिदीला तर मनोरेही नाहीत आणि अंगणही नाही.

अजानच्या शब्दांतही फरक होता. सफवींनी शिया पंथ राजधर्म केला, त्यामुळे अलीच्या वलीपणाची साक्ष देणारं वाक्य अजानमध्ये आलं. सुन्नी उस्मानी मुलखातून आलेल्या व्यापाऱ्याला आपण कुणाच्या राज्यात आलो आहोत हे पहिल्याच अजानला कळायचं.

मैदानातला नगारखाना कुठे होता आणि काय वाजायचं?

मैदानाच्या उत्तर टोकाला कैसरिये बाजाराचं भव्य प्रवेशद्वार आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना सज्जे आहेत, तोच नगारखाना. नगारे, ढोल, सनईसारखी सुरना, झांजा आणि माणसाच्या उंचीहून लांब अशी धातूची ‘करणा’ नावाची शिंगं. सूर्यास्ताला हा सगळा ताफा वाजायचा. युरोपीय प्रवाशांना हा आवाज कर्कश वाटला आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आहे. पण हे संगीत सज्ज्याखाली उभं राहून ऐकण्यासाठी नव्हतंच. ते शहरभर पोचावं म्हणून होतं.

मैदान सुमारे ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद आहे. म्हणजे उत्तरेच्या सज्ज्यात पडलेली टिपरी दक्षिणेला शाह मशिदीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला दीड सेकंदाहून जास्त वेळाने ऐकू यायची. हात आधी उठलेला दिसायचा, ठोका नंतर पोचायचा. त्याच माणसाच्या पाठीमागून मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, अजान सुरू व्हायची. एका टोकाला राजसत्तेचा आवाज, दुसऱ्या टोकाला मशिदीचा, आणि दोन्ही सूर्याच्या एकाच वेळेला बांधलेले. ही आखणी योगायोगाने झाली असं मला वाटत नाही.

इस्फहानचा नगारखाना आता मुका आहे. मशहदला इमाम रझाच्या दर्ग्यात मात्र सूर्योदयाआधी आणि सूर्यास्ताला नगारा-करणा आजही वाजतो. मोहरम आणि सफर महिन्यांत तो बंद असतो.

बाजारात नेमका कसला आवाज असायचा?

कुठल्या गल्लीत उभे आहात त्यावर ते ठरायचं. एका धंद्याची दुकानं एका रांगेत, अशी या बाजाराची रचना आहे. वर विटांची कमानदार छतं, प्रत्येक घुमटीला मधोमध उजेडाचं भोक. डोळे बांधून कुणी चालवत नेलं असतं तरी इस्फहानी माणसाने आपण कुठे आहोत हे सांगितलं असतं. कापडाच्या गल्लीत थान आणि गाठोडी आवाज शोषून घेतात, तिथे कुजबूजही स्पष्ट कळते. तांबटांची गल्ली दोन वळणं आधीच कळते.

तांबटाचं काम बघा. तो हंड्याच्या आतून निहाई लावतो आणि बाहेरून ठोकतो. हंडा पोकळ, त्यामुळे प्रत्येक ठोका घणघणतो. पत्रा जसजसा ताणला जातो तसतसा स्वर बदलत जातो. अनुभवी कारागिराला पत्रा कुठे पातळ झाला हे आवाजावरून कळतं. अशी दहा-पंधरा दुकानं शेजारी-शेजारी, वरून विटांची कमान, आणि आतल्या माणसांना बोलायचं असेल तर हातवारे.

आता त्याच गल्लीच्या जवळ कलमझनीचं दुकान बघा. कलमझनी म्हणजे धातूच्या भांड्यावर छिन्नीने नक्षी काढणं. भांडं तांब्या-पितळेचंच, हातोडीही आहे, पण आवाज अगदी वेगळा, कोरडा, टिकटिक असा. कारण नक्षी काढण्याआधी भांड्यात वितळवलेलं डांबर ओततात. ते थंड होऊन घट्ट झालं की छिन्नीचा घाव पत्रा फोडत नाही, नुसता दाबतो. डांबर पत्र्याला कंप पावू देत नाही, म्हणून भांडं वाजत नाही. काम पुरं झालं की तापवून डांबर काढून टाकतात, आणि मग तेच भांडं पुन्हा वाजू लागतं. दोन्ही कारागीर एकाच धातूवर काम करत असताना एक गल्ली दणाणून जाते आणि दुसरीत टिकटिक चालते, ते एवढ्या एका डांबरामुळे.

तिसरा आवाज कलमकारवाल्यांचा. सुती कापडावर लाकडी ठसा ठेवायचा आणि हाताला जाड कापड गुंडाळून मुठीने वरून गुद्दा हाणायचा. धप. ठसा उचलायचा, रंगात बुडवायचा, शेजारी नेमका जुळवून ठेवायचा. धप. काळा, तांबडा, निळा, पिवळा, प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, म्हणजे एका चादरीवर असे किती गुद्दे पडत असतील! छापलेलं कापड मग नदीवर नेऊन दगडावर आपटून धुवायचे. बाजारात सुरू झालेली ही ठोकाठोकी नदीकाठी संपायची.

संध्याकाळी मैदानात काय चालायचं?

दरबारी खेळ असतील तर घोड्यांच्या टापा आणि चौगानच्या, म्हणजे पोलोच्या, काठ्यांचा आवाज. गोलसाठी रोवलेले दगडी खांब मैदानाच्या दोन्ही टोकांना आजही आहेत. इतर दिवशी तंबू ठोकून बसलेले विक्रेते. ऊन उतरलं की त्यांची जागा गारुडी, डोंबारी, पहिलवान, कठपुतळीवाले आणि कथेकरी घ्यायचे. प्रत्येकाभोवती माणसांचं कडं, आणि प्रत्येकजण शेजारच्या कड्यातली माणसं आपल्याकडे ओढण्यासाठी आवाज चढवतोय. पश्चिमेला अली कापू महालाचा अठरा खांबांचा उंच सज्जा आहे. शाह आणि त्याचे पाहुणे तिथून हे बघत. तिथे वरच्या मजल्यावर हौदही होता, त्यामुळे पाहुण्यांना मैदानाचा गलका पाण्याच्या आवाजातून गाळून ऐकू येत असणार.

कहवाखान्यात लोक शांतपणे कथा ऐकत का?

नाही! शार्दांने हे वर्णन फार मजेत केलं आहे. एका बाजूला पटावर खेळ चाललेला, दुसरीकडे मुल्ला उभा राहून उपदेश करतोय, तिसरीकडे कवी कविता म्हणतोय, चौथीकडे कथेकरी गोष्ट रंगवतोय. कधीकधी दोघे-तिघे एकाच वेळी बोलतायत आणि कुणी खेळ थांबवावा असं बंधन कुणावरच नाही. ज्याला जे ऐकायचं ते त्याने ऐकावं.

या गलक्यात टिकायचं म्हणून नक्कालांचा, म्हणजे फिर्दौसीचं शाहनामा हे महाकाव्य सांगणाऱ्यांचा, बाज तयार झाला असं मला वाटतं. हातात काठी, मधूनच टाळी, पाय आपटणं, आवाज एकदम खाली आणून पुन्हा उसळवणं. गद्यात गोष्ट सांगायची आणि ऐन लढाईत फिर्दौसीच्या ओळी घुमवायच्या. रुस्तमचा खंजीर उगारलेला असताना थांबून पैसे गोळा करायचे, उरलेलं उद्या. युनेस्कोने २०११ मध्ये नक्काली तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घेतली. त्या यादीत नाव येणं अभिमानापेक्षा काळजीचं आहे.

अली कापूच्या संगीत-दालनाच्या भिंतींत गाणं साठून राहायचं, हे खरं का?

खरं नाही. गायक निघून गेल्यावरही गाणं ऐकू यायचं, अशी कथा पर्यटकांना आवडीने सांगतात. पण दालन कथेविनाही विलक्षण आहे. सहाव्या मजल्यावरच्या या खोलीच्या भिंती आणि छत प्लास्टरच्या पातळ पडद्यांनी मढवलं आहे. त्या पडद्यांत सुरई, कूपी, वाडगे यांच्या आकारांची छिद्रं कापली आहेत आणि मागे पोकळी आहे. सपाट कडक भिंत आवाज जसाच्या तसा परत फेकते, त्याने खोली घुमते आणि शब्द एकमेकांत मिसळतात. इथे आवाज पोकळ्यांत शिरतो, तुटतो, विखुरतो. मऊ आवाजाच्या तंतुवाद्यांना आणि एकट्या गळ्याला ही खोली सोयीची.

हे आकार चिनी मातीची भांडी ठेवण्याच्या दालनांत वापरत. अर्दबीलच्या दर्ग्यात तसं दालन आहे. त्यामुळे केवळ आवाजासाठी ही नक्षी शोधून काढली असं म्हणता येत नाही. शोभा आणि श्रवण दोन्ही एका कामात साधलं, एवढं म्हणणं पुरेसं आहे.

शाह मशिदीच्या घुमटाखालचा प्रतिध्वनी?

तो मात्र शंभर टक्के खरा. घुमटाच्या बरोबर मध्याखाली फरशीत एक काळसर दगड आहे. त्यावर उभं राहून टाळी वाजवली किंवा नोट ताणून फटकारली की आवाज ओळीने अनेकदा परत येतो. दोन पावलं बाजूला सरका, जादू संपली. घुमट दुहेरी आहे. बाहेरचा सुमारे ५३ मीटर उंच, आतला त्याच्यापेक्षा बराच खाली. आतल्या घुमटाचा वक्र पृष्ठभाग वर गेलेला आवाज गोळा करून पुन्हा मध्यावर आणतो, फरशी त्याला पुन्हा वर पाठवते, आणि हे चालू राहतं. बांधकाम १६११ मध्ये सुरू झालं. बघायला जाल तर गर्दी नसताना जा, नाहीतर सतत कुणीतरी टाळ्या वाजवतच असतं.

मुस्लिम राजधानीत चर्चच्या घंटा वाजत होत्या का?

नदीच्या दक्षिणेला जुल्फा नावाची आर्मेनियन वसाहत आहे. आरस नदीकाठच्या जुल्फा गावातून शाह अब्बासने १६०४ मध्ये आर्मेनियन लोकांना जबरदस्तीने उठवलं आणि इथे आणून वसवलं. रेशमाच्या व्यापारात मुरलेले हे लोक त्याला हवे होते. त्यांना धर्माचं बरंच स्वातंत्र्य मिळालं. घंटेऐवजी लाकडी फळीवर ठोकून प्रार्थनेला बोलावणं ही पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळींची जुनी रीत. जुल्फातल्या वांक कॅथेड्रलच्या आवारातला घंटेचा मनोरा १७०२ मधला आहे.

आणखी एका घंटेची कथा मला चटका लावून जाते. १६२२ मध्ये शाहच्या फौजेने इंग्रजांच्या जहाजांच्या मदतीने पोर्तुगीजांकडून इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं होर्मुझ बेट घेतलं. होर्मुझचा कारभार तेव्हा गोव्याहून चालायचा. तिथल्या मठातली एक मोठी घंटा लुटीत इस्फहानला आली आणि कैसरिये दरवाज्यावर बसवली गेली. ती प्रार्थनेसाठी वाजत नसे, विजयाची खूण म्हणून नुसती होती. खाली रोज नगारे दणाणत असताना वर ही परदेशी घंटा गप्प.

घरात हे सगळं ऐकू यायचं का?

फार थोडं. घराच्या भिंती जाड कच्च्या विटांच्या, रस्त्याकडे खिडकी नाही. दारातून आत गेलं की अष्टकोनी देवडी, तिथून वाकडी वाट आणि मग अंगण. त्या वळणात नजरही अडते आणि आवाजही. अंगणात हौद, डाळिंबाचं झाड, चिमण्या, स्वयंपाकघरातला खलबत्ता. उन्हाळ्यात मात्र सगळे गच्चीवर झोपायचे. रमजानमध्ये सहरीला शेजाऱ्याला उठवायचं तर मधल्या भिंतीवर थापा मारत.

जुन्या इराणी दाराला दोन कड्या असतात, त्या अवश्य बघा. एका फळीवर जड लोखंडी दांडी, दुसरीवर पातळ गोल कडी. पुरुषाने दांडी आपटायची, बाईने कडी. जाड ठोका आला तर घरातला पुरुष दार उघडेल, पातळ ठोका आला तर बाई. पाहुणा कोण हे दार उघडण्याआधीच ठरलेलं. आत शिरताना पुरुष मोठ्याने ‘या अल्लाह’ म्हणत, म्हणजे अंगणातल्या बायकांना चादर सावरायला वेळ मिळे. ही रीत आजही आहे.

सणासुदीला आणि मोहरममध्ये काय फरक पडायचा?

नवरोझला वर्ष बदलण्याचा क्षण ज्योतिषी काढून द्यायचे आणि तोफा व नगारे तो जाहीर करायचे. आबपाशान या पाणी उडवण्याच्या सणाला अल्लावर्दी खान पुलापाशी, म्हणजे सिओसेपोलपाशी, जो आरडाओरडा व्हायचा त्याबद्दल देल्ला व्हाल्लेने लिहिलं आहे. शाह स्वतः तो बघायला बसायचा.

मोहरमचे दहा दिवस शहराचा ठेकाच बदलायचा. देल्ला व्हाल्लेने १६१८ मध्ये इस्फहानात पाहिलेल्या मोहरममध्ये काळे कपडे घातलेले शोकाकुल लोक आहेत, हातात लाकडाचे तुकडे घेऊन ते तालात आपटत नाचणारे आहेत, चौकाचौकात हुसेनची कहाणी सांगणारे मुल्ला आहेत आणि त्यांना साथ देणारा बायकांचा आक्रोश आहे. शहर हैदरी आणि नेमती अशा दोन तटांत विभागलेलं होतं. त्यांच्या मिरवणुका समोरासमोर आल्या की ताल मोडून काठ्या चालायच्या.

झूरखाना म्हणजे काय?

इराणची तालीम. हौद्यात उतरून पहिलवान जोर मारतात, मुद्गल फिरवतात, आणि वर बसलेला मुर्शिद झर्ब हा मातीचा मोठा ढोल बडवत, शाहनाम्यातल्या ओळी गात त्यांची लय ठरवतो. त्याच्यापुढे एक घंटा टांगलेली असते, मानाचा पहिलवान दारातून आत आला की ती वाजते. इस्फहानात झूरखाने अजून चालू आहेत.

कबुतरांचा इथे काय संबंध?

शहराभोवतीच्या शेतांत कबुतरांसाठी बांधलेले मनोरे आहेत. शार्दांच्या मते ते ३००० हून जास्त होते. आत हजारो कोनाडे, आणि विष्ठा खरबुजाच्या मळ्यांना खत म्हणून. संध्याकाळी शेकडो कबुतरं एकदम परतत तेव्हाचा फडफडाट आता कल्पनेतच. काही मनोरे दुरुस्त करून ठेवले आहेत, बहुतेक रिकामे आहेत.

नदी आणि पुलांबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण बाकी सगळे आवाज वेळेवर यायचे आणि जायचे, नदीचा चालूच असायचा. शाह अब्बासचा सेनापती अल्लावर्दी खान याने १६०२ च्या सुमारास पुरा केलेला तेहतीस कमानींचा सिओसेपोल जवळजवळ ३०० मीटर लांब आहे. त्याच्या खालच्या अंगाला शाह अब्बास दुसऱ्याने १६५० मध्ये खाजू पूल बांधला, तो माझ्या मते आवाजाच्या दृष्टीने जगातल्या सुंदर बांधकामांपैकी एक आहे. तो पूलही आहे आणि बंधाराही. कमानींतली दारं बंद केली की वरच्या अंगाला पाणी तुंबून तळं होतं, स्थिर, आवाज नसलेलं. खालच्या अंगाला दगडी पायऱ्या आहेत. पाणी अरुंद वाटांतून सुटून त्या पायऱ्यांवर फुटतं. पुलाच्या एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत जा, तेवढ्यात शांत तळ्याकडून खळाळाकडे जाता. खालच्या पायऱ्यांवर बसलं की गर्दीतही एकांत मिळतो, कारण पाणी शेजारच्याचं बोलणं झाकून टाकतं. शहरातले मादी नावाचे पाट हेच पाणी मोहल्ल्यांतून आणि चहारबागेतून फिरवत नेत.

गेल्या दोन दशकांत झायंदेरूद वर्षातला बराच काळ कोरडी असते. दुष्काळ आहेच, पण वरच्या अंगाला उपसलेलं आणि दुसऱ्या प्रांतांकडे, कारखान्यांकडे वळवलेलं पाणी हेही कारण आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये हजारो शेतकरी आणि शहरवासी खाजू पुलाजवळ कोरड्या पात्रात उतरले आणि नदी परत द्या म्हणून घोषणा देत राहिले. शहराच्या आवाजातला हा सगळ्यांत मोठा तोटा आहे आणि तो चारशे वर्षांपूर्वीचा नाही, आत्ताचा आहे. इमारती जपायच्या आणि नदी जाऊ द्यायची, याला वारसा जपणं म्हणायला मी तयार नाही.

१७२२ मध्ये काय झालं?

मार्चमध्ये गुलनाबादला सफवी फौज हरली, अफगाणांनी शहराला वेढा घातला आणि ऑक्टोबरमध्ये उपासमारीने शहर शरण आलं. मोहल्लेच्या मोहल्ले ओस पडले. पुढे राजधानी तेहरानला गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजपुत्र झिल-ए-सुलतान सुभेदार असताना अनेक सफवी महाल पाडले गेले.

महाराष्ट्राशी किंवा गोव्याशी याचा काही थेट दुवा?

आहे. १६०२ मध्ये गोव्याहून ऑगस्टिनियन पंथाचे पाद्री शाह अब्बासच्या दरबारात गेले आणि त्यांनी इस्फहानात मठ काढला. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईत होता, १६७५ मध्ये मुघल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरला गेला, आणि दोन वर्षांनी इस्फहानात होता. शिवकालीन दख्खन आणि सफवी राजधानी एकाच माणसाने एवढ्या जवळच्या काळात पाहिली आणि दोन्हींबद्दल लिहिलं. रायगडाचा नगारखाना पाहिलेल्या मराठी माणसाला कैसरियेचे सज्जे कशासाठी हे समजावून सांगावं लागत नाही.

आज गेलो तर काय ऐकायला मिळेल?

तांबटांची गल्ली, कलमकारचे गुद्दे, कलमझनीची टिकटिक. मैदानात पर्यटकांचे टांगे आहेत, त्यांच्या टापा फरसबंदीवर वाजतात. अजान आता कर्ण्यावरून येते. बाजार दुपारी बंद होतो आणि संध्याकाळी पुन्हा उघडतो, तेव्हा कारागिरांना भेटायचं तर सकाळ बरी. शुक्रवारी जाऊ नका. आवाज टिपायचा असेल तर कारागिराला आधी विचारा, तो सहसा खुशीने हो म्हणतो.

रात्री खाजू पुलाखाली जा. एखादा म्हातारा कमानीला टेकून उभा राहतो आणि आवाझ, म्हणजे तालाविना मुक्त गायन, सुरू करतो. लोक भोवती जमतात, ओळ संपली की दाद देतात, मग दुसरा कुणीतरी पुढची ओळ उचलतो. कमान त्यांना हवा तेवढा घुमार देते, माईक लागत नाही. गाणारे बहुतेक पुरुषच दिसतात, कारण १९७९ नंतर बाईने पुरुषांसमोर एकटीने गाण्यावर इराणमध्ये बंदी आहे. नदीला पाणी सोडलेलं असेल तर सगळं शहर पुलावर लोटतं. पाणी नसलं तरी गाणारे येतातच.

जाणं शक्य नसेल तर घरी बसून काय ऐकावं?

ताज इस्फहानी यांचं गायन, हसन कसाई यांची नै (बोरूची बासरी) आणि जलील शहनाझ यांचं तार (लांब मानेचं तंतुवाद्य). तिघेही इस्फहानचे आणि तिघांची ध्वनिमुद्रणं सहज सापडतात. सुरुवात कसाईंपासून करा, आणि त्यातही ‘बयात-ए-इस्फहान’ या स्वरमालेतलं काहीतरी निवडा. कसाई नैचं टोक दातांत धरून वाजवत. तिच्या खालच्या पट्टीत फुंकीचा घोगरेपणाही ऐकू येतो. आवाज मोठा करून ऐकण्यापेक्षा चांगले हेडफोन लावा.